धवलारीण शेवंताबाईच्या आवाजात यंत्राने लावलेले लग्न रद्द होणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी साहेब,
संगणकीय तक्रार निवारण कक्ष,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई.

अर्जदार : नामा हाशा मढवी, वय ६४, सेवानिवृत्त, रा. ऐरोली गाव, गावदेवी मंदिरामागे.

विषय : माझी पत्नी धवलारीण शेवंताबाई हिच्या आवाजात यंत्राने परस्पर लावलेले आमच्या मुलीचे लग्न रद्द समजणेबाबत, तसेच अशा यंत्रांना कायद्याने वेसण घालणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या पोर्टलवरील माझी तक्रार. २) त्यावर मिनिटभरात आलेले उत्तर, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. ३) त्या उत्तराविरुद्ध माझी तक्रार, व तिला आलेले उत्तर, जे पुढे लिहिले आहे.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक लिहितो की, मी तळोजा येथील एका रसायन कारखान्यात डिस्पॅच खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे. वडिलांच्या जमिनी संपादनात गेल्या तेव्हापासून गावातले निम्मे अर्ज माझ्याच हातचे आहेत. अर्ज कसा लिहावा, साहेबाला कुठे 'महोदय' म्हणावे आणि कुठे 'कृपावंत' म्हणावे, हे मला बरे कळते. परंतु आजवरचे सगळे अर्ज मी दुसऱ्यांसाठी किंवा जमिनीसाठी लिहिले. हा घरातल्या माणसासाठी आहे. भाषा कुठे घसरली तर पदरात घ्यावे.

२. आपण मूळचे कुठले हे मला ठाऊक नाही, म्हणून आधी सांगतो. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात भटजी असतोच, पण त्याच्याही आधी धवलारीण लागते. ही बाई हळदीपासून नवरी निघेपर्यंत धवले गाते, म्हणजे लग्नविधीची गाणी. देवांना ती बोलावते, पितरांना ती बोलावते, आणि हळदीला नवरीचे नाव नवऱ्याच्या नावाशी तीच बांधते. आमच्याकडची जुनी माणसे मानतात की, धवल्यात नाव बांधले गेले की लग्न लागले, बाकी सगळी जेवणावळ आणि फोटो. माझी पत्नी शेवंताबाई ही धवलारीण आहे. तिची आईही होती. ऐरोली, दिवा, गोठिवली, राबाडा, पार कामोठ्यापर्यंत आज ज्या बायका सुना आणणाऱ्या झाल्यात, त्यांतल्या किती जणींची नावे हिने बांधली, ते तिला स्वतःलाही सांगता येणार नाही.

३. आमची धाकटी मुलगी नमिता हिचे लग्न कामोठे येथील रूपेश घरत याच्याशी ठरले. रूपेश ऐरोलीच्याच आयटी पार्कात कामाला आहे. दोघांनी एकमेकांना पसंत करून मग आम्हाला सांगितले, आम्हीही फार ताणले नाही. साखरपुडा झाला, हॉल ठरला. मांडव आणि स्पीकरचे काम गावातल्याच कुंदनला दिले. कुंदन पोरगा वाईट नाही, हे मी आजही लिहून देतो. अलीकडे शेवंताबाईचा घसा बसतो, उशिरापर्यंत गायचे म्हणजे तिला खोकल्याची उबळ येते. तेव्हा मावशीला जरा आराम द्यावा असे कुंदनने आपल्याच डोक्याने ठरवले. 'लगीनसूर' नावाचे एक ॲप आहे. त्यात त्याने आमच्या थोरल्या सुचिताच्या हळदीचे जुने रेकॉर्डिंग टाकले. आम्हाला विचारले नाही. का रे बाबा, असे विचारल्यावर म्हणाला, "काका, सरप्राईज होतं." ॲपने शेवंताबाईचा आवाज शिकून घेतला आणि त्याला विचारले, नवरीचे नाव काय? त्याने नमिता लिहिले. नवऱ्याचे नाव काय? तेवढ्यात कुणी चहाला हाक मारली, म्हणून हा पठ्ठ्या ते तसेच रिकामे ठेवून खाली गेला.

यंत्राने ती रिकामी जागा स्वतःच्या अकलेने भरली. ॲप ज्याच्या नावावर होते त्याचेच नाव घातले. कुंदन चहा पिऊन वर येईपर्यंत आमच्या नमिताचे नाव, तिच्या सख्ख्या आईच्या आवाजात, एकवीरा आईपासून आमच्या पणजोबांपर्यंत सगळ्यांना बोलावून, कुंदनशी बांधून झाले होते. पणजोबांचे नाव यंत्राला कुठून कळले, तर सुचिताच्या हळदीतून. नुसते बांधून ते थांबले नाही, नमुना म्हणून आपणहून कुंदनच्या स्टेटसवर जाऊन बसले. कुंदनच्या फोनमध्ये खाडीच्या दोन्ही बाजूंचे सगळे मांडववाले, बँडवाले आणि केटरर आहेत. त्याने बघून पुसेपर्यंत ते उरणला पोचले होते.

कुंदन विवाहित असून त्यास दोन मुले आहेत, हे येथे नमूद करतो.

४. दुसऱ्या दिवशी रूपेशच्या घरून निरोप आला. त्याची आजी ठमाबाई हिने लग्न अडवले आहे. साहेब, ही बाई अडाणी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिचे नाव शेवंताबाईच्या आईने बांधले, तिच्या सुनेचे म्हणजे रूपेशच्या आईचे नाव खुद्द शेवंताबाईने बांधले. त्या घराला हा आवाज पाठ आहे. मी गेलो, हात जोडले, सांगितले की शेवंताबाई गायलीच नाही, हे मशीनचे काम आहे. ती म्हणाली, "नामा, मना कान हायेत. आवाज शेवंताचा, देव बोलावले, नाव बांधला. बांधाचा धवला हाय, सोरवाचा नाय." सोडवायचा धवला नाही, हे खरेच आहे. आमच्यात कुणी तो रचलाच नाही, लागेल असे कुणाला वाटलेच नव्हते.

रूपेशने आजीला एक तास बसून समजावले. एआय म्हणजे काय, ते आवाज कसा शिकते, सगळे चित्र काढून सांगितले. आजीने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "बरा. पन तो आवाज कोनाचा हाय?" रूपेशची कंपनी दिवसभर हेच काम करते साहेब. त्याने काढलेली चित्रे घडी करून खिशात घातली.

५. आता पुढचे ऐका. कुंदनची बायको निशिगंधा दोन्ही पोरांना घेऊन आमच्या दारात आली. ओरडली असती तर परवडले असते. ती नमिताला म्हणाली, "ताई, मला माहीत आहे हे खोटं आहे, पण सगळे मला विचारतात की तुझं आता काय." आणि ढसाढसा रडली, तिच्यासोबत नमिता रडली, पोरे रडली. ॲपला मात्र फार आनंद झाला आहे. ते दर दोन दिवसांनी कुंदनला विचारते की नमिता आणि कुंदन, लग्नाची तयारी कुठवर आली? हॉल सुचवते, बस सुचवते, गोव्याची हॉटेले सुचवते. ॲप काढून टाकले तर मेसेज येऊ लागले. परवा कुंदनच्या धाकट्या पोराने घरातल्या मोबाइलला सहज विचारले की माझ्या पप्पांचे लग्न कोणाशी झाले, तर मोबाइलने नमिता मढवी असे सांगितले. पोर आईकडे धावत गेले. निशिगंधा त्या दिवसापासून माहेरी आहे.

मी पोलीस ठाण्यात गेलो. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण तिथल्या हवालदाराने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि खरेच पुस्तक उघडून बघितले. त्याने विचारले, पैसे गेले का? नाही. फोटो वाईट आहेत का? फोटो नाहीतच. धमकी? नाही. तो म्हणाला, "काका, मग मी कलम कुठलं लावू? गाणं म्हटलं म्हणून?" मी म्हटले, तिने गाणे म्हटलेच नाही, हीच तर तक्रार आहे. तो म्हणाला, न गायल्याबद्दल तर मुळीच कलम नाही. त्याचा दोष नाही. पुस्तकातच नसेल तर तो बिचारा काय करणार?

दुसऱ्या एका कार्यालयात मला विचारले की आवाज आपल्या पत्नीच्या मालकीचा असल्याचा पुरावा आहे काय? साहेब, माझे डोके फिरले. आमच्या जमिनीचा सातबारा होता, मिठागराचा होता, घराचा उतारा आहे. आवाजाचा सातबारा कोणत्या तलाठ्याकडे मिळतो? मी तिथे जरा मोठ्याने बोललो, त्याबद्दल दिलगीर आहे. पण एवढे म्हणेन की, आमच्या जमिनी घेतल्या तेव्हा निदान नोटीस आली होती. दगडी भिंतीवर चिकटवली होती, सही घेतली होती, हरकत घ्यायला मुदत दिली होती. आम्ही भांडलो, हरलो, पण कोणाशी भांडतो ते दिसत होते. हिचा आवाज गेला तेव्हा कोण नोटीस लावून गेला? हरकत कोणापुढे घ्यायची?

यापुढच्या परिच्छेदांना क्रमांक घालत नाही. ते लक्षात राहत नाहीत.

शेवटी शेवंताबाई म्हणाली की मीच त्या कंपनीला फोन करते, बाईमाणसाचे ऐकतील. ॲपच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले, तिने दोन दाबले. आणि पलीकडून तीच बोलली. होय साहेब, माझी बायकोच. तोच आवाज, तीच लकब, "बाय" म्हणताना जरा ओढून धरते तीसुद्धा. "नमस्कार बाय, मी तुमची काय मदत करू?" कंपनीला हा आवाज फार आवडला म्हणे, ग्राहकांना आपुलकी वाटते. शेवंताबाईने फोन कानापासून दूर धरला, परत लावला, आणि विचारले, "तू कोन गो?" ते म्हणाले, "मी तुमची मदतनीस." ही म्हणाली, "मंग मी कोन?" ते म्हणाले की हा प्रश्न मला समजला नाही, कृपया पुन्हा सांगा. हिने पुन्हा सांगितले. स्वतःची तक्रार स्वतःला सांगितली, पोरीचे लग्न मोडते आहे म्हणून स्वतःच्याच पाया पडली, आणि स्वतःच्याच तोंडून ऐकले की आपली तक्रार नोंदवली आहे, आपला दिवस शुभ जावो. फोन बंद करून तिने तो पदराने पुसला आणि पालथा घालून ठेवला.

एवढ्यावर थांबले असते तरी मी आपल्याला त्रास दिला नसता. पण गावकीने ठरवले की सोक्षमोक्ष लावू. गावदेवीच्या मंदिरात दोन्हीकडची माणसे बसली. ठमाबाईही कामोठ्याहून रिक्षाने आली. ठरले असे, की पडद्यामागे एकदा मोबाइल गाईल, एकदा शेवंताबाई गाईल. मशीन कुठले ते लोकांनी ओळखले, की सिद्धच झाले, यंत्राचा धवला वेगळा आणि माणसाचा वेगळा, नमिता मोकळी. ही युक्ती माझीच. मला वाटले, हिचा आवाज काय, लहान पोर ओळखेल.

आधी मोबाइल गायला. सुचिताच्या हळदीतला तो आवाज, भरलेला, तेव्हाचा. मग शेवंताबाई गायली. तिला खोकला आला, एकदा सूर खाली गेला, मधे दम घेतला. महोदय, गावाने मोबाइलला खरी ठरवले. एकटी नमिता "आई, आई" म्हणत उभी राहिली, पण पोरीची साक्ष कोण धरतो? ज्या बायकांची नावे हिने बांधली, त्याच म्हणाल्या की पहिली खरी, दुसरी कोणीतरी नक्कल करते आहे. मग पडदा काढला. ठमाबाईने तोंडाला पदर लावला. कुणाला कमीपणा आणायचा नव्हता हो. पण व्हायचे ते झाले.

त्या दिवसापासून शेवंताबाई बोलत नाही. घशाला काही झालेले नाही, डॉक्टरने तपासले. ती खुणेने सांगते की मी बोलले तर ते घेतील. मोबाइल दिसला की ओठ मिटते. दूधवाल्याला बोटाने सांगते. मला हाक मारायची तर भांडे आपटते. चाळीस वर्षे माझ्यावर ओरडणारी बाई आहे ती साहेब, आणि मी आता त्या ओरडण्यासाठी रात्रंदिवस तरसतो आहे, हे सरकारी अर्जात लिहायचे असते की नाही ते मला ठाऊक नाही, पण लिहितो.

फक्त एक गोष्ट राहिली आहे. सकाळी नमिता स्वयंपाकघरात वाटण करायला मिक्सर लावते. मिक्सर चालू झाला की शेवंताबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहते आणि त्या घरघरीत काहीतरी पुटपुटते. मी दाराबाहेरून पाहिले आहे. ती धवला गाते. नमिता वाटण झाले तरी मिक्सर बंद करत नाही, रिकामाच फिरवत ठेवते. दोन मिक्सर जळाले. मी तिसरा आणला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ठमाबाईने त्या मंदिरात जाता जाता एक गोष्ट कबूल केली. ती म्हणाली, "सरकारचा शिक्का आसल त मी मानीन. शिक्क्यावर आमची शेती गेली, तो खोटा नसतो." म्हणून मला एक कागद हवा आहे. त्यावर एवढेच लिहावे, की यंत्र गायलेला धवला हा धवला नव्हे, शेवंताबाई नामा मढवी ही त्या दिवशी गायली नाही, आणि नमिताचे नाव कुणाशीही बांधलेले नाही. खाली सही, शिक्का. हळद ११ फेब्रुवारीला आहे, लग्न १२ ला. रूपेश म्हणतो, कोर्टात जाऊन रजिस्टर करू, आजी हळूहळू मानेल. नमिता म्हणते, आईच्या तोंडून नाव बांधल्याशिवाय मी उभी राहणार नाही, नाहीतर माझे नाव त्या मोबाइलमध्येच राहील. पोरगी माझ्यावर गेली आहे, ऐकणार नाही. तारीख टळली की ठमाबाईकडच्यांनी दुसरे स्थळ बघायचे बोलून दाखवले आहे.

असा कागद देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हे मी पोर्टलला विचारले होते. पोर्टल म्हणाले, निकाली. दुसऱ्या वेळी म्हणाले की पडताळणीसाठी अर्जदाराने पत्नीच्या आवाजाचा नमुना अपलोड करावा, संगणक तो तपासून खरा-खोटा ठरवेल. महोदय, मी हात जोडतो, तसे करू नका. तो संगणकही मोबाइलला खरी ठरवील. मग माझ्या बायकोकडे काय उरेल? सरकारी शिक्क्यानिशी ती स्वतःची नक्कल ठरेल.

अधिकार नसेल तर तो मागून घ्या, आणि मिळत नसेल तर तसा कायदा करवून घ्या, पण करा. मी कायदेपंडित नाही. पण गाडीला नंबर लागतो, तराजूला शिक्का लागतो, आमच्या कारखान्यात पिंपात काय आहे ते पिंपावर लिहिल्याशिवाय गेटबाहेर सोडत नसत. मग माणसाच्या आवाजाने बोलणाऱ्या यंत्राला आधी "मी यंत्र आहे" एवढे तरी बोलायला लावता येत नाही? कुणाचा आवाज, कुणाचा चेहरा घेण्याआधी त्या माणसाच्या दारात येऊन विचारायला हवे, आणि तो नको म्हणाला तर निमूट परत जायला हवे. रिकामी जागा दिसली म्हणून यंत्राने त्यात नाव घालू नये, रिकामी जागा ही विचारण्यासाठी असते. आणि त्याने चूक केली तर ती पुसणारा कुणी जिवंत माणूस, नाव-पत्ता असलेला, टेबलामागे बसलेला हवा. चूक पोरांच्या मोबाइलपर्यंत गेली असेल तर तिथूनही पुसली जावी, म्हणजे निशिगंधाला आपल्या घरी परत येता येईल. हे मी फार मागतो आहे काय? आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. रूपेशचे पोट त्यावर आहे. पण त्याला गेट असावे, गेटवर माणूस असावा.

हा अर्ज टपालाने न पाठवता मी स्वतः घेऊन येत आहे. तो आपण स्वतः वाचावा, यंत्राला वाचायला देऊ नये, ही कळकळीची विनंती. बाहेरच्या बाकावर मी बसून आहे. शेवंताबाई सोबत आहे. काही विचाराल तर ती बोलणार नाही, राग मानू नये.

आपला नम्र, व आता दुसरा दरवाजा न उरलेला,

(सही)
नामा हाशा मढवी
दि. १९ जानेवारी २०२६

वरील मजकूर वाचून दाखवला, तो खरा आहे.
(सही) शेवंताबाई नामा मढवी. तोंडी दुजोरा दिलेला नाही, होकारार्थी मान डोलावली.

सोबत जोडली आहेत :
साखरपुड्याचा फोटो. लग्नाची पत्रिका, त्यात नवरदेवाचे नाव रूपेश असे स्पष्ट छापले आहे. कुंदन याचे लेखी निवेदन, की माझा या मुलीशी काहीही संबंध नाही व मला माझी बायको परत हवी. पोर्टलच्या उत्तरांच्या प्रती.

शेवंताबाईच्या आवाजाचा नमुना जोडलेला नाही. तो जोडता येत नाही. ऐकायचा असल्यास आपण सकाळी आमच्या घरी यावे, मोबाइल दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत यावे. नमिता मिक्सर लावील. आपण जवळ उभे राहा, आणि नीट ऐकू आले की नमिताला मिक्सर बंद करायला सांगा. शेवंताबाई गायची थांबणार नाही, असे तिने खुणेने कबूल केले आहे.